बुधवारच्या प्रार्थनासभेची वेळ बदलली

मंडळीतील सर्व बंधुभगिनींना प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

बुधवारची सभा रात्री 8 ऐवजी 7 वाजता होईल. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायांना उशीर झेपत नाही.

वचन बायबलमधलं 1 राजे, अध्याय 19. ईजबेल राणीच्या धाकानं पळालेला एलीया रानात झुडपाखाली बसून देवाला मरण मागतो. देव रागावत नाही. त्याला झोपू देतो, देवदूताहाती निखाऱ्यावरची भाकर अन् पाणी पाठवतो, पुन्हा झोपू देतो. एवढा मोठा संदेष्टा खचला. मग आपल्यातलं कोणी खचलं की "विश्वास कमी पडला" म्हणायची घाई कशाला? (हे सभेत ऐकू येतं, म्हणून लिहिलं.)

सोयाबीन गेलं, पऱ्हाटीवर बोंडअळी, कृषी केंद्राची उधारी. प्रार्थनेत हे असंच मांडा, मोघम "अडचण" नको.

झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर बुधवारची वाट पाहू नका. पाळकसाहेबांना रात्री-बेरात्री उठवा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. पैसे लागत नाहीत. यात विश्वासाला कमीपणा नाही.

शेजारी कोणी एकटं असेल तर सोबत घेऊन या. लाइनचा भरवसा नाही, बॅटरी आणा.