‘एवढा एक पट्टा’ महागात पडतो

मा. संपादक,

आमच्या भागात आता उसावरची निम्मी फवारणी ड्रोनने होते आणि ती करणाऱ्यांत मीही आहे. दर किती, एकराला वेळ किती, यावर सगळे बोलतात. बॅटरी किती उरली की ड्रोन खाली घ्यायचा, हे मात्र कुणी विचारत नाही.

दहा लिटरची भरलेली टाकी घेऊन ड्रोन एका बॅटरीवर जेमतेम आठ-दहा मिनिटे उडतो. तेवढ्यात साधारण एकर उरकतो. पैसे एकरावर मिळतात आणि सकाळी वारा सुटायच्या आत आटपायचे असते. मग एक पट्टा राहिला, टाकीत लिटरभर औषध राहिले, की बॅटरी २५ टक्के दिसत असूनही हात थांबत नाही. गेल्या हंगामात माझाही थांबला नाही. बॅटरी जुनी, किंचित फुगलेली. अशा बॅटरीचा आकडा पायरीपायरीने उतरत नाही, भार आला की व्होल्टेज एकदम बसते. ड्रोन पुरुषभर उंचीच्या उसात गेला. शोधायला दोन तास लागले. वाळल्या पाचटात लिथियमची बॅटरी पेटली नाही, हे नशीबच.

बॅटरी खालावली की यंत्र आपोआप परत येते, असे सांगून काहीजण निर्धास्त असतात. येते, पण सरळ रेषेत. वाटेत शेतपंपाची तार आहे की नारळ, हे साध्या ड्रोनला कळत नाही.

अमेरिकेत छोट्या विमानाला दिवसा उडताना, मुक्कामी पोचल्यावरही ३० मिनिटे पुरेल एवढे इंधन हिशेबात धरावे लागते. फवारणीच्या विमानांना मोह आमच्यासारखाच, इंधन कमी घेतले तर औषध जास्त मावते. पण त्यांचे इंधन जळेल तसे विमान हलके तरी होते. आमची बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढेच! मिनिटांचा नियम ड्रोनला लागू करता येणार नाही, टक्क्यांचा करता येईल. माझ्या मते ३० टक्क्यांवर ड्रोन जमिनीवर हवा, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याही आधी.

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांना ड्रोनबरोबर चार जादा बॅटरी संच आणि १५ दिवसांचे प्रशिक्षण आहे. हे शहाणपणाचे आहे. कर्ज काढून धंद्यात उतरलेला पोरगा मात्र दोन-तीन संचांवर दिवस काढतो आणि उतरवलेली गरम बॅटरी तशीच जनरेटरवर लावतो. कर्ज देताना बँकांनी आणि अनुदान देताना कृषी विभागाने ड्रोनच्या किमतीबरोबर बॅटऱ्यांची संख्याही पाहावी.

शेतकरी बंधूंनाही विनंती आहे, बांधावरून ‘एवढा कोपरा उरकून टाका’ म्हणू नका. बॅटरी बदलून तोच कोपरा दोन मिनिटांत होतो.

– एक ड्रोनचालक, ता. वाळवा, जि. सांगली