पंचवीस टक्के जागा आपणहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की माझ्या घरी फोन सुरू होतात. ३१ वर्षं मी इथल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं आणि २०२० मध्ये निवृत्त झाले. माझ्या एका शब्दावर प्रवेश होतो, असं लोकांना अजून वाटतं. तसं काही नसतं, हे मी प्रत्येकाला समजावून सांगते. यंदा मात्र एका बाईला काय सांगावं ते मला कळलं नाही, म्हणून हे पत्र.

ही बाई शाहूपुरीत एका खानावळीत भाकऱ्या थापते. मुलगी सहा वर्षांची होत आली आहे. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत प्रवेशाचा अर्ज कसा भरायचा, हे विचारायला ती एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत गेली होती. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. ‘आमच्याकडे आरटीईच्या जागा नसतात,’ असं खिडकीवर तिला सांगण्यात आलं. सांगणारी खोटं बोलली नाही, उद्धटपणेही बोलली नाही. बाई तिथून थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, “टीचर, मोठमोठ्या शाळांत गरिबाच्या पोरांसाठी जागा असत्यात म्हणं. मग सिस्टरांच्याच शाळंत का न्हाईत?”

कायद्याचं उत्तर सोपं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, असं त्यात आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१४ मध्ये निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित. राज्यघटनेच्या ३० व्या कलमानं अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलेला आहे, त्याला बाध येऊ नये म्हणून. मी स्वतः कॅथलिक आहे, माहेर आजऱ्याचं. या हक्काचं मोल मला कुणी शिकवायला नको. तो गेला तर आमच्यासारख्या मूठभर समाजाच्या हाती काही उरणार नाही.

पण त्या निकालाची तारीख बघा. ६ मे २०१४. कोल्हापूरच्या माणसाला ६ मे म्हटलं की दुसरं काही आठवत नाही. १९२२ साली त्याच दिवशी राजर्षी शाहू महाराज गेले. २०२२ मध्ये त्यांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता सगळं शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं, तेव्हा मीही टाउन हॉलजवळ रस्त्याच्या कडेला उभी होते. शेजारी एक रिक्षावाला उतरून उभा होता, त्याच्या रिक्षात शाळेची चार पोरं बसलेली. तीही गप्प होती. पहिलीच्या वर्गातली पोरं शंभर सेकंद गप्प बसवणं किती अवघड असतं, ते मला विचारा.

ज्या राजानं १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवलं, त्याच्या गावात आपण शाळा चालवतो. वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहं उभी केली, त्यांत ख्रिस्ती मुलांच्या वसतिगृहाचाही विचार झाला. या दरबारानं आम्हाला जातीधर्मामुळे दाराबाहेर उभं केलं नाही. माझ्या समाजाच्या पुढाऱ्यांना आणि शाळा चालवणाऱ्या फादर-सिस्टरांना याची आठवण करून द्यावी, असं मनापासून वाटतं.

बाहेरच्या लोकांना ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे टाय, इंग्रजी आणि शिस्त एवढंच दिसतं. आत काय चालतं ते थोडं सांगते. माझ्या वर्गात ४८ मुलं असायची. त्यांत ख्रिस्ती किती? चार, एखाद्या वर्षी पाच. बाकी सगळी हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध घरांतली. धर्मशिक्षणाच्या तासाला ती चार-पाच मुलं सिस्टरांकडे जायची आणि उरलेल्यांना मी मूल्यशिक्षण घ्यायची. माझ्या तासाला गोष्टी असायच्या, म्हणून कधी कधी ती चार मुलंही परत पळून यायची. वाढदिवसाला चॉकलेटं वाटायची नाहीत, त्या पैशांतलं काहीतरी कोपऱ्यातल्या डब्यात टाकायचं, असा आमचा नेम होता. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, तो डबा जड व्हायचा. त्यात नाणी टाकणारे हात बहुतेक ख्रिस्ती नसायचे. एका मुलीनं रोजाच्या महिन्यात आपला खाऊचा रुपया त्यात टाकला आणि वर मला सांगितलं, “टीचर, आमचा पण उपास आहे.”

नाताळचा गोठा तर पोरंच करायची. गवत कुणी कसबा बावड्याहून आणायचं, कुणाच्या घरून गणपतीच्या आराशीतल्या दिव्यांच्या माळा यायच्या. बाळ येशूची मूर्ती गोठ्यात २४ तारखेच्या रात्री ठेवायची असते, तोवर गव्हाण रिकामी. एका वर्षी दुसरीतल्या एका मुलानं विचारलं, “बाळ अजून आलंच न्हाई तर पाळणा आधीच का मांडला?” मी सांगितलं, येणाऱ्यासाठी जागा आधी करून ठेवावी लागते. तेव्हा ते उत्तर सहज तोंडातून गेलं होतं. त्या बाईनं परवा प्रश्न विचारला, तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आता मुद्द्यावर येते. अल्पसंख्याक म्हणून मिळालेली ही सूट शेवटी कुणाच्या पदरात पडते? ४८ पैकी ख्रिस्ती मुलं पाच. त्यांना आपण घेतोच, घ्यायलाच हवं, शाळा त्यांच्यासाठीच काढली. उरलेल्या ४३ जागा आपण इतर समाजांना देतो, आणि ते चांगलंच आहे. पण त्या ४३ जागांवर कोण बसतं? ज्याला फी परवडते तो. म्हणजे घटनेनं आमच्या लहानशा समाजाला दिलेलं संरक्षण आम्ही नकळत शहरातल्या सुखवस्तू घरांना देऊन बसलो आहोत आणि भाकऱ्या थापणारीची मुलगी बाहेर राहिली आहे. यात आमच्या श्रद्धेचं रक्षण कुठे झालं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पूर्वी हे असं नव्हतं, असं मी म्हणते तेव्हा जुन्या माणसाची तक्रार म्हणून ते सोडून देऊ नये. मी नोकरीला लागले तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टरांकडे एक लहान वही असायची. फी न भरू शकणाऱ्या मुलांची नावं त्यात. ती वही कारकुनालाही दिसायची नाही. वर्गात मला कळायचं नाही की कोण पैसे भरून बसलंय आणि कोण नाही, आणि मला ते कळू नये हाच त्यांचा आग्रह होता. पुढे विनाअनुदानित तुकड्या वाढल्या, शिक्षकांचे पगार फीमधूनच निघायचे म्हणून फी वाढली, मग पावत्या संगणकावर आल्या. थकबाकीचा मेसेज आपोआप जायला लागला. कुणी ठरवून वाईट केलं नाही. पण त्या वहीला आता जागा उरली नाही.

२०१९ चा पूर आठवतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही शाळेचा हॉल उघडला. नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं तिथे सहा दिवस राहिली. पालक सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि झुणका घेऊन येत होते, मोठ्या गाड्यांतून येणारे पालकसुद्धा स्वतः वाढत होते. एक सात वर्षांची मुलगी रोज माझ्या वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसायची, फळ्यावर अक्षरं काढायची. जाताना तिनं विचारलं, “मी हितंच येऊ का शाळेला?” मी ‘बघू’ म्हणाले. मोठ्या माणसाच्या ‘बघू’चा अर्थ मुलांना बरोबर कळतो. ती परत आली नाही. पुरात आपण हॉलचं दार सताड उघडलं याचा मला अभिमान आहे. पण एरवीही ते दार तिच्यासाठी उघडायला हवं होतं.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाबद्दल जाहीरनामा काढला, त्याला साठ वर्षं होऊन गेली. ऐहिक साधनांनी जे गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाची माया नाही, जे या श्रद्धेचे नाहीत, त्यांच्या गरजांकडे कॅथलिक शाळांनी विशेष लक्ष द्यावं, असं त्यात सांगितलं आहे. २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या शाळांना सूचना दिल्या: रोजच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचा, इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका. दोन्ही सूचना मला मनापासून पटल्या. आता ती पोरं रोज सकाळी ‘दर्जाची व संधीची समानता’ असं खणखणीत आवाजात म्हणणार. म्हणताना शेजारच्या बाकावर कोण बसलंय, हे त्यांना दिसतंच.

विरोधात काय बोललं जातं, ते मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकलं आहे. घरी इंग्रजी नसलेलं मूल मागे पडतं, म्हणतात. पहिलीत सगळीच मुलं अक्षरं नव्यानं गिरवतात. दिवाळीपर्यंत फरक राहतो आणि शिक्षिकेनं मनावर घेतलं तर तोही पुसतो. हे मी ऐकीव सांगत नाही. गॅदरिंगचा ड्रेस, सहल, प्रोजेक्टचं सामान यात त्या मुलाला कमीपणा वाटतो, असंही म्हणतात. हा आक्षेप खरा आहे. त्याला उपाय एकच, हे खर्च सगळ्यांसाठीच कमी करावेत. पाचशे रुपयांच्या भाड्याच्या ड्रेसशिवाय पहिलीतलं मूल नाचत नाही का?

राहिला पैशाचा प्रश्न. आरटीईच्या मुलांची फी सरकार शाळांना परत देतं, ती थकते अशी तक्रार आहेच, आणि आपणहून दिलेल्या जागांसाठी तर तीही मिळणार नाही. ४८ च्या वर्गात २५ टक्के म्हणजे बारा जागा. फी भरणाऱ्या तीन घरांमागे एक मूल. आमच्या शाळांतून शिकून गेलेले डॉक्टर आज नागाळा पार्कात दवाखाने चालवतात, कुणाचे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कारखाने आहेत. त्यांच्यापुढे कुणी बारा मुलांचा हिशेब घेऊन गेलं आहे का? स्नेहमेळाव्याला स्मरणचिन्हं वाटण्यापेक्षा त्यांना हे काम सांगा, ते नाही म्हणणार नाहीत. मुलांच्या त्या कोपऱ्यातल्या डब्यालाही एक पत्ता मिळेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१४ च्या त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून पाठवला आहे. उद्या काय ठरेल ते ठरेल. सूट कायम राहावी, असंच मीही म्हणेन, कारण हक्क हातात असताना जे दिलं जातं ते आपलं असतं. न्यायालयाच्या हुकमानं दिलेल्या जागेवर बसलेलं मूल आणि शाळेनं बोलावून घेतलेलं मूल, यांच्याकडे बघण्यात फरक पडतो. मुलांना तर तो लगेच कळतो.

म्हणून कोल्हापुरातल्या विनाअनुदानित कॅथलिक शाळांच्या व्यवस्थापनांना आणि धर्मप्रांताच्या शिक्षण पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे: येत्या जूनपासून फक्त पहिलीच्या एका तुकडीत बारा जागा ठेवून बघा. निवड सोडतीनं करा, मुलाखत घेऊ नका, आणि कोणती मुलं त्या बारांतली आहेत हे वर्गशिक्षिकेलाही सांगू नका. शाळा सुटल्यावर ज्या मुलांना इंग्रजी वाचनाला मदत लागेल त्यांच्यासाठी मी रोज दीड तास येईन, मोबदला नको. माझी गुडघेदुखी आहे, तेवढा वर्ग तळमजल्यावर द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
कोल्हापूर