ट्रेनर मंडळींसाठी आठवण: सेशन बनवायच्या आधी वाचा

नमस्कार मंडळी, शेती धोरणाच्या ट्रेनर्स ट्रेनिंगला नाव दिलेल्या सगळ्यांना परत सांगतोय, नुसतं स्लाइड वाचून दाखवायचं सेशन कोणी बनवू नका प्लीज. समोर बसणारे अधिकारी उद्या खरंच सबसिडी, हमीभाव, कर्ज यावर फाइली तयार करणारेत, त्यामुळे यातून गरिबाच्या हातात नक्की काय पडतं हे प्रत्येक वेळी विचारायची सवय त्यांना लागली पाहिजे. आता बघा, धान्याचे भाव वाढले की शेतकऱ्याचं भलं झालं असं सरसकट धरतात, पण कितीतरी छोटे शेतकरी विकतात त्यापेक्षा जास्त धान्य विकत घेतात, शेतमजुराचं तर विचारूच नका, त्यांना ही भाववाढ उलट मारते. हे गटात आकडे मांडून अधिकाऱ्यांनाच काढू द्या, तुम्ही आधी सांगू नका. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) अंदाजाने जगातली सुमारे ८४ टक्के शेतं २ हेक्टरपेक्षा लहान आणि त्यांच्या वाट्याला शेतजमीन जेमतेम १२ टक्के, हे पहिल्याच तासाला बोर्डावर लिहा. बायकांच्या नावावर जमीन नसणं हा मुद्दा कृपया शेवटच्या पाच मिनिटांत ढकलू नका. प्रत्येकाने एक सराव प्रश्न उत्तरासकट रविवारपर्यंत ग्रुपवर टाका.