पद्मिनीचा पत्रा

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज बघितला, "गाडी कधी रंगवतोस, फोटो टाक" म्हणून. फोटो टाकण्यासारखं काही नाही लका. सांगण्यासारखं मात्र भरपूर आहे आणि इथं सातारला पाऊस उघडायचं नाव घेईना, म्हणून निवांत लिहायला बसलो.

तर रंगाचं विचारूच नकोस. रंग सगळ्यात शेवटी, पैसे टाकले की कुणीही मारून देतो. खरं काम पत्र्याचं. मामाची ही प्रीमियर पद्मिनी गाडी 1986 ची, मामा गेल्यापासून गोडोलीच्या घरामागं ताडपत्रीखाली उभी, आणि ताडपत्रीनंच घात केला बघ, खाली ओल कोंडत गेली आणि पत्रा आतनं खात गेला. वरनं बघशील तर बॉडी चकाचक. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं, खाली डांबराचा जुना थर होता, त्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला, नुसता टेकवला रे, तर आरपार जाऊन खालची फरशी दिसली. दाराखालच्या पट्टीला चुंबक लावून बघितला तर चिकटेचना, म्हणजे कुण्या महाभागानं पत्रा न लावता बोटभर लांबी, म्हणजे रंगाआधी भरतात ती पुट्टी, थापून वरनं रंग मारलेला. असल्यांना काय म्हणायचं ते तूच म्हण, मामी घरात आहे.

आता एमआयडीसीतला एक वेल्डर रविवारी येतो. माणूस तिरसट पण हात सोन्याचा. गॅस वेल्डिंगला हात लावत नाही, म्हणतो पातळ पत्रा तापून वाकतो, सीओटूनं, म्हणजे विजेवरच्या तारेच्या वेल्डिंगनं, टिपका इथं, टिपका तिथं असं मारत जायचं. आणि पट्टी कापताना चारी दारं लावलेलीच ठेवायची, नाहीतर बॉडी खचते आणि मग दार जन्मात नीट बसत नाही. त्यामुळं एक पट्टी कापायची, तिथं नवीन बसवायची, दार उघडझाक करून बघायचं, मगच पुढची. म्हणून वेळ लागतोय, कळलं का?

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारी सिलिंडरमधे डिझेल आणि ऑईल ओतून ठेवलं आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून रोज जरा जरा मागंपुढं हलवत राहिलो, जोर करायचा नाही. एक दिवस सुटलं की. तू म्हणतोस तसं मारुतीचं इंजिन टाकणार नाही हां. एकतर आरसीवर नोंद करायला आरटीओचे हेलपाटे, आणि स्टिअरिंगवरचा गिअर गेला तर मग राहिलं काय त्या गाडीत? 1089 सीसी आहे, यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरवर चढेल, चढू दे, आपल्याला कुठं शर्यत लावायचीय. मामी पुढच्या सीटवर बसून कासला जायचं म्हणते तेवढं झालं की बास.

पेट्रोलचा मात्र वैताग आहे. आता पंपावर सगळीकडं वीस टक्के इथेनॉलवालं, ते जुन्या रबराला मानवत नाही, पाईप फुगतात, मऊ पडतात, कार्बोरेटरच्या जेटमधे टाकीतला जुना गाळ येऊन बसतो. आपल्याच भागातला ऊस आणि आपल्याच गाडीच्या मुळावर! सगळ्या पाईप इथेनॉल चालणाऱ्या टाकल्या, गाडीतल्या पेट्रोल खेचायच्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदापण बदलला, टाकी आतनं धुवून घेतली.

आता तुझं काम. गाडी बनली कुर्ल्यात आणि पार्टपण अजून कुर्ल्यातच मिळतात. 2023 ला मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरनं गेल्या, त्यामुळं दुकानदार माल ठेवायला कुरकुरतात, पण सीएसटी रोडला फिरलास तर सापडेल. पुढच्या काचेचं रबर आणि दारांची बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, पाहिजे. भाव करायच्या आधी रबर दुमडून बघ, घडीवर बारीक चिरा दिसल्या तर तो जुना पडून राहिलेला माल, फुकट दिला तरी आणू नको. आणि पांढऱ्या पट्ट्याचे टायर, चाकाच्या शोच्या टोप्या असलं काही गळ्यात मारून घेऊ नको, तुझा स्वभाव मला माहितीय. पैसे लगेच पाठवतो, आकडा तेवढा कळव.

तुझाच,
पिंट्या