रात्री नऊ ते साडेनऊ

मडगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पंधरा दिवस नऊ वाजता माझा फोन बंद लागतो म्हणून आई रुसलीय, हे काकीकडून कळलं. बाबा तर कदंबच्या बसमध्ये बसायला निघाले होते म्हणे! मला काही झालेलं नाही. त्या अर्ध्या तासात मी वही लिहिते, आणि ते आता मोडणार नाही. आधी विचारलं असतं तर आई म्हणाली असती, 'आमच्याशी बोल की, वहीशी कशाला?' आणि मी ऐकलं असतं.

मार्चअखेरच्या कामात माझी झोप उडाली होती. बाबांचं प्रेशर तेव्हा कुठे जागेवर येत होतं, म्हणून बोलले नाही. बाबा पुरावा मागतील, तर घ्या: १९८६ साली छापून आलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं सगळ्यात अवघड ते लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत, साधंसुधं काही लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिल्या लिहिल्या मात्र त्यांना आणखीच वाईट वाटलं होतं. माझंही तसंच. पहिल्या रात्री अर्धं पान रडण्यातच गेलं. आता झोप लागते.

जेवणाची काळजी नको. पोदेराकडून सकाळी उंडे पाव घेते, रात्री उकड्या तांदळाची पेज, सोबत आईचं लोणचं. बरणी अजून अर्धी आहे.

आणि वहीत तुमच्या तक्रारी नाहीत गं आई. दोन-तीन आहेत, त्याही जुन्या.

खरं तर हे बाबांकडूनच आलंय. पडवीतल्या कपाटात त्यांची नारळांच्या हिशेबाची वही असायची. मी चोरून वाचायचे. एका पानावर होतं: 'पाडेली आला. १८० नारळ. बाय आज शाळेत गेली. रडली नाही.' मी रडले होते बाबा, फाटकाबाहेर गेल्यावर.

तर आता ऐका. आईने कोकमाची सोलं वाळवायला भर उन्हात गच्चीवर चढायचं नाही. प्रेशरची गोळी नाश्त्यानंतर, बाबा, आठवेल तेव्हा नाही. यंदा चवथीला गणपतीवरची फळा-पानांची माटोळी मी बांधणार, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. सोबत एक वही पाठवतेय. नारळ लिहा, नाहीतर काहीही लिहा.

पत्र मिळाल्यावर फोन करा. साडेनऊनंतर.

तुमची,
बाय