कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचा खर्च कोणी उचलायचा?

महोदय,

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकांवरील कॉक्लिअर इम्प्लांटची (आवाजाचे विद्युत संकेत थेट श्रवणतंतूंना देणारे यंत्र कानाच्या आत बसवण्याची) शस्त्रक्रिया दिव्यांगांना सहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होते. लाखो रुपयांचे यंत्र सरकार देते, याबद्दल आम्हा पालकांना कृतज्ञताच आहे. मात्र पुढच्या वर्षांचा विचार या योजनांत पुरेसा झालेला नाही.

त्वचेखाली बसवलेला भाग दीर्घकाळ टिकतो. परंतु आवाज टिपून त्याचे संकेत तयार करणारा प्रोसेसर, चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल आणि त्यांना जोडणारी वायर हे सारे बाहेर असते. खेळत्या मुलाची वायर तुटते, घामाने आणि पावसाळी दमटपणाने कॉइल बिघडते. सुटे भाग त्याच कंपनीचे घ्यावे लागत असल्याने पालकांना स्वस्त पर्याय उरत नाही, आणि वॉरंटी संपल्यावर प्रोसेसरच बदलायची वेळ आली, तर तो खर्च शेतमजुराच्या घराला पेलणे अशक्य असते. शस्त्रक्रियेत उरलीसुरली नैसर्गिक श्रवणशक्तीही बरेचदा जाते, त्यामुळे साध्या श्रवणयंत्रावर वेळ मारून नेता येत नाही. माझ्या मुलीची कॉइल बंद पडली तेव्हा सुटा भाग येईपर्यंत ती वर्गात नुसती बसून राहत असे. ज्या वयात भाषा रुजते, त्या वयातले असे दिवस पुन्हा भरून काढणे फार कठीण जाते.

यंत्र लावताच मूल बोलू लागते, असा समज नातेवाइकांतच नव्हे, तर शिक्षकांतही आढळतो. प्रत्यक्षात ठरावीक काळाने मॅपिंग, म्हणजे मुलाच्या ऐकण्यानुसार प्रोसेसरची जुळणी, करून घ्यावे लागते आणि ऐकण्या-बोलण्याची थेरपी काही वर्षे नेटाने चालवावी लागते. ही सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने धारणी किंवा अक्कलकुव्यासारख्या तालुक्यांतील आईला प्रत्येक वेळी रोजंदारी बुडवून दूरचा प्रवास करावा लागतो, आणि अखेर थेरपी सुटते.

केरळ सरकारने ‘श्रुतितरंगम’ योजनेतून जुने प्रोसेसर बदलण्याची व देखभालीची जबाबदारी घेतली आहे. महाराष्ट्रानेही इम्प्लांट खरेदी करतानाच कंपन्यांशी दीर्घ मुदतीच्या देखभालीचा आणि सुट्या भागांच्या दराचा करार करावा, तसेच बालकांतील व्यंगांवर लवकर उपचार करणाऱ्या प्रत्येक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-श्रवणतज्ज्ञाचे पद भरून मॅपिंगची सोय उपलब्ध करून द्यावी, अशी आमची आरोग्य विभागाकडे मागणी आहे.

– इम्प्लांट झालेल्या मुलीची आई, अमरावती