टेबलावर पेशंट, सहीला मुलगा

मा. संपादक,
स. न.

रुग्णालय आणि नातेवाईक यांच्यातील वादाच्या बातम्या पुण्यात अधूनमधून छापून येतात. त्यात बिलावर बरेच बोलले जाते, संमतीवर जवळजवळ नाहीच. म्हणून कॅथलॅबच्या (हृदयाच्या धमन्यांची तपासणी आणि उपचार होतात त्या खोलीच्या) दाराशी नेहमी दिसणारा एकच प्रसंग मांडतो.

पेशंट अँजिओग्राफीसाठी, म्हणजे बारीक नळीतून डाय (रंगद्रव्य) सोडून हृदयाच्या धमन्या पाहण्याच्या तपासणीसाठी, आत गेलेला असतो. थोड्या वेळाने दार उघडते, मुलाला बोलावून स्क्रीन दाखवतात. "ऐंशी टक्के ब्लॉक आहे, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ. इथे सही करा." (स्टेंट म्हणजे अडलेली धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी.) सून मेडिक्लेमवाल्यांना फोन लावते, मुलगा सही करतो. अँजिओग्राफी बहुधा मनगटाजवळची जागा बधिर करून होते, म्हणजे ज्याचे हृदय आहे ते गृहस्थ आत चांगले जागे असतात. त्यांना कोणी विचारत नाही. अर्थात तिथे विचारूनही उपयोग थोडाच. हातात नळी आणि अंगात थोडे गुंगीचे औषध असताना कोणीही "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर" असेच म्हणणार.

हार्ट अटॅक सुरू असेल तर एकेक मिनिट मोलाचे. तिथे चर्चेत वेळ घालवू नये. प्रश्न आहे तो जिना चढताना छाती भरून येते, थांबले की बरे वाटते, असे कित्येक महिने चाललेल्या पेशंटचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीत भारतासह ३७ देशांतले असे ५,१७९ पेशंट होते. काहींची सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडून स्टेंट टाकणे) किंवा बायपास केली, काहींना आधी औषधांवर ठेवले. सुमारे तीन वर्षांनंतर मृत्यू किंवा हार्ट अटॅकच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. ज्यांची छाती वारंवार दुखत होती, त्यांचा त्रास मात्र पहिल्या गटात जास्त कमी झाला. (डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक असलेले किंवा हृदयाचे पंपिंग फार घटलेले पेशंट यात नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा.)

तेव्हा अशा बहुतेकांपुढचा प्रश्न हा, की त्रास किती आहे आणि तो घालवायला काय पत्करायचे. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने रोज घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती. पुढच्या महिन्यात हर्नियाचे किंवा प्रोस्टेटचे ऑपरेशन ठरले असेल तर ते लांबते. त्रास किती आणि पुढे काय ठरले आहे, हे वडिलांनाच ठाऊक असते. दाराशी उभ्या मुलाला ते त्या क्षणी आठवेलच असे नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. समीरा कोहली प्रकरणात (तपासणीसाठी भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढले, त्या प्रकरणात) सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी सांगितले, की तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे आणि सज्ञान, सक्षम पेशंटच्या वतीने आईने दिलेली संमतीही चालत नाही. वेळ, पैसा किंवा वेदना वाचल्या हा बचावही पुरत नाही. अपवाद फक्त थांबणे परवडणार नाही अशा प्रसंगाचा. तपासणी आणि उपचार दोन्हींची संमती एकदम घेता येते, हेही त्याच निकालात आहे. पण त्याआधी पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे पेशंटला सांगायला हवे. छापील अर्जावरची 'आवश्यकता भासल्यास अँजिओप्लास्टी व इतर कोणतीही प्रक्रिया' ही ओळ ते काम करत नाही.

त्यामुळे हे बोलणे निदान आदल्या दिवशी ओपीडीत व्हावे आणि अर्जावर हाताने उतरावे. त्रासाला कारण असलेला एकच ब्लॉक सापडला तर स्टेंट टाकायचा की नाही? पन्नास ते सत्तर टक्क्यांचा दिसला तर? हा आकडा बहुतेक वेळा नजरेचा अंदाज असतो; आत प्रेशर वायरने (धमनीतला दाब मोजणाऱ्या बारीक तारेने) मोजायचे की बाहेर येऊन विचार करायचा, ते आधी ठरवावे. तीन धमन्या अडलेल्या, त्यात मधुमेह, किंवा डावी मुख्य धमनी अडलेली असेल, तर टेबलावर काहीच न करता बायपास करणाऱ्या सर्जनचेही मत घ्यावे.

दुसऱ्यांदा आत जायचे म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा अॅडमिशन, पुन्हा खर्च, ही डॉक्टरांची तक्रार खोटी नाही. (किडनी नाजूक असेल तर डाय दोन हप्त्यांत विभागला जातो, तेवढा फायदा.) म्हणूनच आधी ठरवून दिलेली सशर्त संमती बरी. तिला ओपीडीतली वीसेक मिनिटे लागतात. त्यांचे पैसे पॅकेजमध्ये वेगळे धरलेले नसतात, घोडे बहुधा तिथेच अडते.

चर्चा झालीच नसेल, तर पेशंटने अर्जावर 'आज फक्त अँजिओग्राफी' असे स्वतःच्या अक्षरात लिहून सही करावी. नंतर सीडी आणि रिपोर्ट घेऊन दुसरे मत घेता येते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

– एक हृदयरोगतज्ज्ञ, एरंडवणे, पुणे